कापशीच्या कानाचा पंचनामा

मीटरकाकांनी चौतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासले. सील तुटलंय की कुणी तोडलंय, हे ते हात न लावता सांगत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. पेपरवाला उशिरा आला तर का आला, शेजारीण 'सहज' आली तर सहज म्हणजे कशाला, असं त्यांचं चालायचं. काकू म्हणायच्या, "ह्यांना देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागतील."

दोघांच्या घरात तिसरी होती कापशी. नऊ वर्षांची, नावाप्रमाणे पांढरीशुभ्र मांजरी. कान आतून गुलाबी आणि इतके पातळ, की उन्हात बसली की त्यांतल्या शिरा मोजाव्यात. अख्ख्या जगात काकांचा विश्वास असलेला हा एकच प्राणी. ती खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. काकू म्हणत, ती बोलतच नाही.

एका सकाळी काकांना खुर्चीमागच्या भिंतीवर तांबडे ठिपके दिसले. बारीक, एका ओळीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्यांनी चष्मा लावला, गुडघ्यावर बसले, बोटाने एक ठिपका पुसून पाहिला. रक्त. वीतभर उंची म्हणजे मांजराचं डोकं. डोकं झटकलं की ठिपके ओळीत उडणार. पाच मिनिटांत त्यांनी कापशीला पलंगाखालून बाहेर काढलं. उजव्या कानाच्या टोकावर काळी खपली होती, आणि तिच्या कडेने ओलं, लाल मांस. कानाची कड कुणीतरी कुरतडल्यासारखी दिसत होती.

"भांडली असेल एखाद्या बोक्याशी," काकू म्हणाल्या.

"बोक्याचा ओरखडा लांब असतो. हे गोल आहे. थेंब पडावा तसं."

थेंब हा शब्द तोंडातून गेला आणि काका थांबले. उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. खिडकीखाली बॅटरीवाल्याच्या दुकानाचा पत्रा होता. कापशी रोज त्या खिडकीतून पत्र्यावर उतरायची आणि पत्र्याखाली ॲसिडचे कॅन असायचे.

बॅटरीवाल्याशी काकांचं जुनं वैर होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच त्याच्या दुकानात मीटरला वळसा घालून नेलेली वायर पकडली होती. दुकानाची वीज तोडली गेली, महिनाभर शटर खाली होतं. त्यानंतर दोघांत एक शब्द झाला नव्हता. समोरासमोर आले की बॅटरीवाला चपलेकडे बघायचा आणि काका त्याच्या पँटकडे. त्या पँटला ॲसिडने पडलेली चाळणीसारखी भोकं असत.

"त्याचंच काम," काका म्हणाले. "माझं काही बिघडवता येत नाही, म्हणून मुक्या जनावरावर राग काढतोय."

एरवी काकूंनी यावर टोमणा मारला असता. त्या दिवशी त्यांनी कापशीला उचललं आणि न बोलता आत गेल्या. काकांना वाटलं, हिलाही पटलं.

पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हा नोकरीतला नियम. काकांनी जुनी रीडिंगची वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर रकाने पाडले. तारीख, वेळ, जखमेचं माप, शेरा. माप घ्यायला काकूंच्या शिवणाची टेप. खिडकीला पडदा लावून पडद्यामागे स्टूल. 'सोमवार. पत्र्यावर १०.४० ते २.५५. संशयित दुकानात. जखम ४ मिमी.' 'गुरुवार. १०.३५ ते ३.१०. संशयिताने दोनदा वर पाहिले.' दुसऱ्या आठवड्यात जखम पाच मिमी झाली, चौथ्यात सात. खपली धरायची, वाटायचं बरं होतंय, मग ती पडायची आणि खाली पहिल्यापेक्षा मोठं लाल दिसायचं. डाव्या कानाच्या कडेलाही कोंडा सुटल्यासारखं झालं होतं. काकांनी शेरा लिहिला : 'दुसऱ्या कानावरही प्रयोग सुरू.'

सहाव्या आठवड्यात, भर दुपारी, पडद्यामागून त्यांना हवं ते दिसलं. बॅटरीवाल्याने शिडी लावली. हातात प्लास्टिकचा मग. चढला, मग पुढे केला आणि कापशी बसली होती त्या दिशेने काहीतरी ओतलं. कापशी उठली, दोन पावलं सरकली आणि पुन्हा बसली.

काका अनवाणीच जिना उतरले. वळसा घालून दुकानापुढे आले, शिडी धरली आणि ओरडले, "हातातलं खाली ठेव! पकडलाय तुला! ॲसिड टाकतोस मांजरीवर?"

बघता बघता गर्दी जमली. शिलाईवाली बाहेर आली, सलूनमधला एक जण अर्धी दाढी फेसात घेऊन आला. बॅटरीवाला शिडीवरून सावकाश उतरला. पन्नाशीचा, रुंद, मितभाषी माणूस. त्याने मगात उरलेलं काकांच्या नाकासमोर धरलं.

"पत्रा तापतो. आत बॅटऱ्या आहेत. पाणी मारतो वरून," तो म्हणाला. "तुमची मांजर हलत नाही, म्हणून तिच्या बाजूने मारतो."

"पाणी म्हणे! सगळे चोर असंच म्हणतात."

बॅटरीवाल्याने काकांकडे एकदा पाहिलं. हातातला मग उचलला आणि ते पाणी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडावर ओतलं. हाताने चेहरा पुसला, शिडी आडवी केली आणि आत गेला. कुणीतरी फिसकन हसलं. शिलाईवाली म्हणाली, "काका, घरी जा आता. ऊन फार आहे."

काका घरी आले ते जास्तच पेटून. इतका वेळ सगळे माझ्याकडे बघत होते, तेवढ्यात मगातलं बदलायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकीत अर्ज दिला आणि गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला : 'सावधान. या गल्लीत मुक्या प्राण्यांवर ॲसिड टाकले जाते. पाळीव जनावरे सांभाळा.' नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती; गल्लीत ॲसिड एकाच दुकानात मिळायचं.

चौकीतल्या हवालदाराने विचारलं, "ॲसिडची जखम आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय का?" म्हणून, फक्त म्हणून, काका कापशीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंगातून दोन्ही कान पाहिले, नाक पाहिलं, पापण्यांच्या कडा पाहिल्या, जबड्याखाली बोटांनी चाचपलं. काकांनी वही पुढे ठेवली. "सगळ्या नोंदी आहेत. तुम्ही फक्त ॲसिडचा दाखला द्या."

बाईंनी वही खरंच वाचली. पानं मागेपुढे करून वाचली. मग म्हणाल्या, "काका, ॲसिडने किंवा कशानेही भाजलं तर जखम पहिल्या काही दिवसांतच सगळ्यांत मोठी असते. पुढे ती भरत येते, आकसते. तुमच्या वहीत ती दर आठवड्याला वाढतेय."

"तो रोज टाकत असणार."

"दोन्ही कानांच्या नेमक्या टोकांवर? आणि अंगावर दुसरीकडे एकही थेंब नाही?" बाईंनी वहीतल्या वेळांवर बोट ठेवलं. "ही रोज चार-साडेचार तास भर उन्हात बसते. मांजर पांढरी, कानावर केस विरळ, खाली कातडीला रंग नाही. अशा मांजरांना उन्हाने कानाच्या कडेला, नाकावर कातडीचा कर्करोग होतो. बरी न होणारी खपली ही त्याचीच खूण असते. मला तो संशय आहे. खात्रीसाठी लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू. तोच निघाला, तर कानाची पाळी काढावी लागेल."

"कान कापायचा?"

"बाहेरचा भाग. ऐकू येतं तिला. आणि वेळेत काढला तर बहुतेक वेळा त्रास तिथेच संपतो."

समोरची व्यक्ती चटकन, सोप्या शब्दांत आणि गोड आवाजात बोलली की मीटरमध्ये काहीतरी काळंबेरं असतं, असा काकांचा अनुभव होता. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यात थबकली. टेबलाखाली इन्व्हर्टरची बॅटरी होती. बॅटरीवर पिवळं स्टिकर. स्टिकरवर त्या दुकानाचं नाव.

"ही बॅटरी कुणी बसवली?" त्यांनी विचारलं.

"जवळच्या गल्लीतल्या बॅटरीवाल्याने. का हो?"

"काही नाही." काकांनी कापशी टोपलीत घातली, वही काखेत मारली. "मिलीभगत कळायला मला दाखला लागत नाही." बाई दारापर्यंत मागे आल्या, "माझ्याकडे नको तर दुसरीकडे दाखवा, पण थांबू नका," असं म्हणाल्या. काकांनी वळूनही पाहिलं नाही.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. काकांनी खिडकीला जाळी ठोकली. आता थेंब पडणार नाही, जखम आपोआप भरेल आणि सगळ्यांची थोबाडं बंद होतील. कापशी जाळीला नाक लावून रडायची. जखम नऊ मिमी झाली. मग अकरा. घराबाहेर पाऊल नाही, बॅटरीवाला जवळ फिरकलेला नाही, आणि आकडा वाढतोय. काका टेप पुन्हा पुन्हा लावत, वेगवेगळ्या कोनांतून लावत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रीडिंग चुकीचं असावंसं वाटत होतं. एकदा तर त्यांनी काकूंकडेही संशयाने पाहिलं, ही मागल्या दाराने सोडते की काय हिला बाहेर?

काकूंच्या ते लक्षात आलं. टेप हातातून काढून घेत त्या म्हणाल्या, "उद्या दुसऱ्या दवाखान्यात जायचं. मी येतेय. आणि तुम्ही तिथे बॅटरी शोधायची नाही."

शहराच्या दुसऱ्या टोकाला जनावरांचं मोठं सरकारी इस्पितळ होतं. काकांनी मुद्दाम काही सांगितलं नाही. वही पिशवीतच ठेवली. बघू या, हा काय म्हणतो. इथले डॉक्टर म्हातारे, जाड चष्म्याचे, हातावर मांजरांच्या नखांच्या जुन्या रेघा. त्यांनी कापशीची मान धरली, कान उजेडात धरला आणि वर न पाहता विचारलं, "उन्हात बसते का फार?"

काकांनी पिशवीतल्या वहीवर हात ठेवला.

"ही जखम किती दिवसांची?"

"नऊ आठवडे," काका पुटपुटले. "माझ्याकडे नोंद आहे."

"त्याआधी काय होतं? हे एकदम उगवत नाही. आधी कड लाल दिसते, कोंडा सुटतो, केस जातात. महिनोन् महिने. तेव्हा कुणी पाहिलं नाही?"

"नाही. असतं तर मला दिसलं असतं."

"मी पाहिलं होतं," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. काकू टोपलीची कडी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. "मागच्या उन्हाळ्यात. कान लाल झाला होता, पापुद्रे निघत होते. मी खोबरेल लावत होते." त्या डॉक्टरांशी बोलत होत्या, काकांकडे पाहत नव्हत्या. "आणि मलाही आधी दिसलं नव्हतं. बॅटरीवाल्याने सांगितलं. पत्र्यावर पाणी मारताना त्याला दिसलं. भाजी आणायला गेले तर थांबवून म्हणाला, काकू, मांजरीच्या कानाला काहीतरी झालंय, दाखवून घ्या."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? त्याने सांगितलं म्हटलं असतं, तर तुम्ही आधी विचारलं असतंत, त्याला कसं कळलं. त्याच्या दारात गेला असता. मग दवाखाना राहिला बाजूला." काकूंनी टोपलीतलं फडकं सारखं केलं. "मला वाटलं, तेलाने जाईल. तुम्हाला सांगण्यापेक्षा तेल सोपं होतं."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी हातमोजे चढवले. मग म्हणाले, "भांडण घरी करा. आधी हिच्या कानाचा तुकडा काढू."

तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. जबड्याखालच्या गाठींत सुई घालून तिथलंही पाणी घेतलं, छातीचा फोटो काढला. अहवालाला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस काकांनी वहीत काही लिहिलं नाही. स्टूलावर बसायचे, पण पाठ खिडकीकडे करून. चौतीस वर्षांत त्यांनी किती घरांत शिरून किती जणांकडे संशयाने पाहिलं असेल, आणि त्या नजरेपायी किती जणांनी खरं सांगायचं टाळलं असेल, असले विचार त्यांना कधी शिवले नव्हते. आता एकेक दार आठवत होतं. काकू जेवायला वाढायच्या, दोघं जेवायची, कापशीचं नाव सोडून घरात दुसरा विषय नव्हता, आणि तोही कुणी काढत नव्हतं.

अहवाल आला. कातडीचा कर्करोगच होता. गाठी स्वच्छ होत्या, छाती स्वच्छ होती. "उजवा कान बुडाजवळून काढू, डाव्याची वरची कड," डॉक्टर म्हणाले. "बाजूची चांगली कातडी थोडी जास्त घ्यावी लागते, नाहीतर मूळ राहतं. मागच्या उन्हाळ्यात आला असतात, तर कदाचित औषधावर किंवा तेवढा भाग गोठवून भागलं असतं. आजही उशीर झालाय, पण फार नाही. दोन महिन्यांनी आला असतात, तर मी वेगळं बोललो असतो."

काकांना प्रश्न विचारायचे होते. प्रयोगशाळा कुणाची, तुकडा बदलला तर नाही, अहवालावर सही कुणाची. प्रश्न जिभेपर्यंत आले. त्यांनी ते गिळले आणि संमतीच्या कागदावर सही केली.

दुपारी कापशी भुलीतून जागी झाली. डोक्याला पट्टी, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, त्यात मधोमध रागावलेलं तोंड. काकूंना आधी रडू आलं आणि मग हसू. काकांनी नरसाळ्यात हळूच बोट घातलं. कापशीने ते हुंगलं आणि चावलं. "शुद्धीवर आहे," काका म्हणाले, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

बारा दिवसांनी टाके निघाले. दहा ते चार खिडकीजवळ जायचं नाही, उन्हाच्या खिडक्यांना जाड पडदे, आणि माणसांचं उन्हाचं मलम तिला अजिबात लावायचं नाही, चाटलं तर विषबाधा होते, असं डॉक्टरांनी बजावलं. दर तीन महिन्यांनी कान आणि नाक दाखवायचं. गोल, गुळगुळीत डोक्याची कापशी आता घुबडासारखी दिसायची, पण दुधाच्या पातेल्याचं झाकण हललं की पूर्वीसारखीच धावत यायची.

चौकीतला अर्ज काकांनी मागे घेतला होता. गल्लीतला कागद मात्र पावसाने, उन्हाने अर्धवट उडाला तरी शिल्लक होता. टाके निघाले त्या सकाळी त्यांनी पाण्याची बादली आणि खराटा नेला, लोकांच्या देखत तो खरवडून काढला आणि तिथे दुसरा चिकटवला. 'मी केलेला ॲसिडचा आरोप खोटा होता. मांजरीला आजार होता. चूक माझी.' खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि सही. मग ते दुकानात गेले.

बॅटरीवाला पाण्याची पातळी तपासत होता. काका उभे राहिले. तो वाकलेलाच राहिला.

"माफी मागायला आलोय," काका म्हणाले.

"वाचलं मी. आत्ताच सांगून गेलं कुणीतरी." त्याने बॅटरीची झाकणं एकेक करून बसवली. "अकरा वर्षांपूर्वी वायर मीच टाकली होती. तुम्ही पकडलंत, मला पटलं. ह्या वेळी मी काहीच केलं नव्हतं. पण दोन्ही वेळा तुमची नजर सारखीच होती, काका. तिच्यात काही फरकच नव्हता."

"मांजर बरी आहे," काका एवढंच म्हणाले.

"सकाळी दिसते खिडकीत," तो म्हणाला आणि दुसऱ्या बॅटरीकडे वळला. 'बसा' म्हणाला नाही. काका थोडा वेळ उभे राहून परत आले.

महिनाभर पुन्हा कुणी कुणाशी बोललं नाही. मग एका सकाळी बॅटरीवाला काकांच्या दारात आला. सोबत दोरीला एक म्हातारा तपकिरी कुत्रा. "बहिणीचा आहे," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "मांडीवर गाठ आहे. कधी फुगते, कधी बसते. बहीण म्हणते, बसते म्हणजे जातेय. मला ते पटेना. डॉक्टर कुठला बघू?"

काकांनी वाकून गाठ पाहिली. बोराएवढी, केस गेलेली, लालसर. ते आत गेले, चपला घातल्या. "जवळच्याच बाईंकडे चल. मी येतो. मलाही त्यांच्याशी बोलायचंय."

डॉक्टरीणबाईंनी काकांना ओळखलं. काकांनी हात जोडले, "बाई, तुम्ही खरं बोलला होतात. मी उद्धटपणा केला." बाई हसल्या नाहीत, पण "मांजर कशी आहे?" असं विचारलं आणि उत्तर ऐकून मान हलवली. मग त्यांनी कुत्र्याच्या गाठीत बारीक सुई घातली, काचेवर थेंब पसरला आणि आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी गेल्या. दोघं बाकावर बसले, मध्ये कुत्रा. बॅटरीवाला दोरी बोटांना गुंडाळत होता, सोडत होता.

बाई परत आल्या. "चरबीची गाठ नाही ही. कातडीचा कर्करोगच आहे, वेगळ्या प्रकारचा. म्हणूनच कमीजास्त होते. दाबत बसू नका तिला. आधी बाकीच्या तपासण्या करू, आणि ह्या आठवड्यात काढून टाकू. लहान आहे अजून. सगळी निघेल असं वाटतंय."

बॅटरीवाल्याने संमतीचा कागद हातात घेतला आणि पेन तसंच धरून ठेवलं. बाई औषध आणायला वळल्यावर तो काकांकडे झुकला. "खरं सांगतायत का त्या? की उगाच घाबरवतायत?"

"खरं सांगतायत," काका म्हणाले. "कर सही."

त्याने काकांच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, मग कागद मांडीवर ठेवून सावकाश सही केली.